तागालोग आणि लात्व्हियन: मराठी माणसाला कुठली जवळची, कुठली अवघड?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की तुम्ही मर्चंट नेव्हीत आहात, जहाजावर फिटरपासून कुकपर्यंत बहुतेक क्रू फिलिपिनो आहे, कॅप्टन आणि चीफ इंजिनियर लात्व्हियाचे आहेत, मेसमध्ये दोन्हीकडचं बोलणं रोज कानावर पडतं, तर या दोन भाषांचं आपसात काही नातं आहे का आणि मराठी माणसाला त्यातली कुठली लवकर जमेल. मी या दोन्ही भाषा शिकवते, शिकणारे बहुतेक मराठी-हिंदीवालेच असतात, त्यामुळे आपली माणसं कुठे अडतात आणि कुठे सुसाट जातात हे रोजचं बघण्यातलं आहे. उत्तर जरा लांबणार आहे, कारण विषय खरंच खूप सुंदर आहे आणि दोन ओळींत उरकावासा वाटत नाही.

त्याआधी एक खात्री करून घ्या. फिलिपिन्समध्ये दीडशेच्या वर भाषा आहेत आणि जहाजावर इलोइलो, सेबू भागातली मुलं भरपूर असतात, म्हणजे तुम्ही तागालोग समजताय ते हिलिगाय्नोन किंवा सेबुआनोही असू शकतं. ओळखायचं कसं, तर नकार ऐका. तागालोगमध्ये 'नाही'ला 'हिंदी' म्हणतात (हो, हिंदीच), सेबुआनोत 'दिली', हिलिगाय्नोनमध्ये 'इंदी'. तसंच लात्व्हियात रशियन बोलणारी घरं खूप आहेत, लोकसंख्येच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त, त्यामुळे कॅप्टनच्या टेबलावर रशियनही चालू असू शकतं. 'पल्दिएस' ऐकू आलं तर लात्व्हियन, 'स्पासिबा' ऐकू आलं तर रशियन, दोन्हीचा अर्थ थँक्यूच.

आता नात्याचं. दोघींचं एकमेकींशी कुळाचं नातं अजिबात नाही. तागालोग ऑस्ट्रोनेशियन कुळातली, म्हणजे मलय, जावानीज, मादागास्करची मलागासी, पार हवाई बेटांवरची हवाईयन, या सगळ्या तिच्या घरच्या. पाचाला तागालोगमध्ये लिमा, मलयमध्ये लिमा आणि हवाईयनमध्येही लिमाच. लात्व्हियन इंडो-युरोपियन कुळातली, त्यातली बाल्टिक शाखा, आणि या शाखेतल्या आज फक्त दोनच भाषा जिवंत आहेत, लिथुआनियन आणि लात्व्हियन. मराठीही इंडो-युरोपियनच, म्हणजे लात्व्हियन आपली लांबची का होईना पण रक्ताची नातलग. देवाला दिएव्स, अग्नीला उगुन्स, अश्रूला असरा, मधाला मेदुस, धुराला दूमि, दोनला दिवि, चारला चेत्रि, आठाला अस्तुओञि. 'तू'ला तर 'तू'च म्हणतात.

पण गंमत अशी की तागालोगमध्येही तुम्हाला आपले शब्द सापडतील. शिक्षकाला गुरो, चेहऱ्याला मुखा, आशेला आसा, सदसद्विवेकाला बुधी, हालअपेष्टांना दुखा, रानातल्या परीसारख्या शक्तीला दिवाता. हे सगळं संस्कृतातून, मलय आणि जावाच्या व्यापाऱ्यांमार्फत गेलेलं. मनिलाजवळच्या लागुना भागात एक ताम्रपट सापडलाय, त्यावर शक 822, वैशाख महिना, कृष्ण पक्षातली चतुर्थी, सोमवार अशी तिथी आहे, म्हणजे इसवी सन 900. आपल्या पंचांगात आजही शकच चालतो, त्यामुळे ती तिथी वाचताना माझ्या अंगावर काटा येतो, इतक्या लांब बेटावर कोणीतरी कर्जमाफीचा कागद करताना आपल्यासारखीच तिथी घातलीय. तर फरक एवढाच लक्षात ठेवा, लात्व्हियनमधला दिएव्स हा जन्मापासूनचा, तागालोगमधली दिवाता बाहेरून आलेली. शब्द ओळखीचे दिसले म्हणून कुळ एक होत नाही. आणि व्याकरणाच्या बाबतीत तर कुळापलीकडेच खूप काही आहे, तिथेच माझं मुख्य म्हणणं आहे.

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची भाषा शिकवणारी संस्था भाषांचे गट पाडते, इंग्रजी बोलणाऱ्याला किती वेळ लागेल यावरून. त्यात तागालोग आणि लात्व्हियन दोन्ही एकाच गटात आहेत, साधारण 44 आठवडे, 1100 तास. नेटवर कुठेही शोधलंत तरी हाच आकडा पुढे येतो आणि लोक म्हणतात दोन्ही सारख्याच अवघड. इंग्रजीवाल्यासाठी असतीलही. मराठी माणसासाठी हे मोजमाप उपयोगाचं नाही, कारण इंग्रजीवाल्याला ज्या गोष्टी पहिल्यांदाच भेटतात त्यातल्या निम्म्या आपण तोंडात घेऊन जन्मलोय. फक्त दोन्ही भाषांत त्या वेगवेगळ्या जागी आहेत. लात्व्हियनमध्ये वाक्याचा सांगाडा आपल्या ओळखीचा आहे आणि कष्ट प्रत्यय पाठ करण्याचे आहेत. तागालोगमध्ये सांगाडा पूर्ण नवा आहे, पण माणसं एकमेकांशी ज्या पद्धतीने बोलतात ती आपल्या घरासारखी आहे.

एक गोष्ट अशी आहे जी तिन्ही भाषांत आहे, इंग्रजीत नाही, आणि शिकवताना मी नेहमी तिथूनच सुरू करते. आपलं 'म्हणे'.

'उद्या पाऊस पडणारे' आणि 'उद्या पाऊस पडणारे म्हणे' यातला फरक आपल्याला कोणी समजावून सांगावा लागत नाही. दुसऱ्या वाक्यात मी जबाबदारी घेत नाहीये, कोणाकडून तरी ऐकलंय एवढंच. आता तागालोग बघा: 'उउलान बुकास' म्हणजे उद्या पाऊस पडणारे, आणि 'उउलान दाव बुकास' म्हणजे पडणारे म्हणे. हा 'दाव' अगदी आपल्या 'म्हणे'सारखा सुटा शब्द, वाक्यात टाकला की काम झालं, फक्त आधीचा शब्द स्वरात संपत असेल तर त्याचा 'राव' होतो. लात्व्हियन मात्र हेच काम क्रियापदाच्या पोटात घालते. 'रीत लीस लिएतुस' म्हणजे उद्या पाऊस पडेल, आणि 'रीत लीशुओत लिएतुस' म्हणजे पडणार म्हणे. 'लीस'चं 'लीशुओत' झालं, शेवटी 'उओत' लागलं की समजायचं बोलणारा ऐकीव सांगतोय. 'विञ्श एसुओत स्लिम्स' म्हणजे तो आजारी आहे म्हणे. तागालोगमध्ये तेच 'माय साकित दाव सिया'.

लात्व्हियन वर्तमानपत्रात हे 'उओत' सतत भेटतं, मंत्री असं म्हणाले, कंपनी असं करणार म्हणे, बातमीदार स्वतःवर काही घेत नाही. इंग्रजीवाल्या विद्यार्थ्याला हे शिकवायला मास्तरांचे तासच्या तास जातात, पुस्तकात त्याला 'सांगीव अर्थ' वगैरे जड नावं असतात, आणि माझ्या वर्गातल्या नगरच्या नाहीतर कोल्हापूरच्या मुलाला मी एकदा 'म्हणे' सांगितलं की तो दुसऱ्या मिनिटाला स्वतः वाक्यं बनवायला लागतो. तुमच्या जहाजावर तर याचा रोज उपयोग आहे, पुढचं पोर्ट बदललंय म्हणे, रिलीव्हर येत नाहीये म्हणे, अर्धी बोलणी अशीच असतात.

आता लात्व्हियनकडे जरा नीट बघू. शाळेत आपण विभक्तीचा तक्ता पाठ केला, प्रथमा ते सप्तमी आणि संबोधन. त्यातली पंचमी काढून टाका, उरलेल्या सात म्हणजे लात्व्हियनच्या विभक्त्या. तृतीयाही नावापुरतीच, कारण तिची रूपं एकवचनात द्वितीयेसारखी आणि अनेकवचनात चतुर्थीसारखी होतात आणि आधी 'अर' म्हणजे 'सह' लावावा लागतो. लिंगं दोनच, पुल्लिंग आणि स्त्रीलिंग, नपुंसकलिंग नाही, म्हणजे तिथे आपल्याला एक कमीच पडतं.

खरी मजा चतुर्थीची आहे. 'मला दोन भाऊ आहेत' हे वाक्य इंग्रजीत नेताना पूर्ण मोडावं लागतं, लात्व्हियनमध्ये शब्दाला शब्द बसतो: 'मन इर दिवि ब्राल्यि'. मन म्हणजे मला, इर म्हणजे आहेत. मला आवडतं, 'मन पतीक'. मला जायचंय, 'मन याइएत'. हे शेवटचं तर अफाट आहे, क्रियापदाच्या आधी 'या' जोडला की 'करायला हवं, करायचंय' असा अर्थ येतो, आणि करणारा चतुर्थीत जातो, जसं आपण 'मला' म्हणतो. 'मन यालसा ग्रामता', मला पुस्तक वाचायचंय. इथे पुस्तक द्वितीयेत न जाता प्रथमेत राहतं. आता आपलं बघा, मला ग्रंथ वाचायचाय, पोथी वाचायचीय, पुस्तक वाचायचंय, क्रियापद कोणाच्या मागे जातंय? वाचायच्या वस्तूच्या. म्हणजे दोन्हीकडे वाक्याचा मान वस्तूकडे गेलाय आणि माणूस बाजूला 'मला' म्हणून उभा आहे. जर्मन किंवा इंग्रजी पुस्तकांतून लात्व्हियन शिकणाऱ्याला हा नियम रट्टा मारून शिकावा लागतो, तुम्ही फक्त मराठीत विचार करा आणि बोला.

उपसर्गही तसेच. संस्कृतात हार या एका शब्दाचे आहार, विहार, प्रहार, संहार होतात ना, लात्व्हियनमध्ये जवळपास प्रत्येक क्रियापदाचं असं होतं. 'रक्स्तीत' म्हणजे लिहिणं. 'परक्स्तीत' सही करणं, 'अपरक्स्तीत' वर्णन करणं, 'पिएरक्स्तीत' टिपून ठेवणं, 'पाररक्स्तीत' पुन्हा लिहिणं, 'उझरक्स्तीत' लिहून पूर्ण करणं. मूळ धातू एक शिकलात की पाच-सात शब्द हाताला लागतात.

मग अडतं कुठे? स्वरांच्या लांबीत. लात्व्हियनमध्ये 'कझस' म्हणजे शेळ्या आणि 'काझस' म्हणजे लग्न. हे मध्ये असताना आपल्याला ऐकू येतं, पण शब्दाच्या शेवटी आलं की मराठी कान फसतो. 'रीगा' हे शहराचं नाव, शेवटचा आ आखूड. तोच आ लांबवला की अर्थ होतो 'रीगामध्ये'. एवढ्या एका मात्रेवर सप्तमी उभी आहे. मराठीत शब्दाच्या शेवटी ऱ्हस्व-दीर्घाने अर्थ बदलत नाही, शेवटचा इकार-उकार दीर्घच लिहायचा असं शाळेत शिकवलंय, त्यामुळे शेवटच्या स्वराकडे लक्ष द्यायची सवयच नाही. विशेषणाचंही तसंच, आखूड शेवट म्हणजे 'एक पांढरं घर', लांब शेवट म्हणजे 'ते पांढरं घर'. आपल्याकडे घरी, दारी, शेजारी, रात्री यात जुनी सप्तमी अजून शिल्लक आहे, ती डोक्यात ठेवा, म्हणजे नुसता स्वर बदलून 'मध्ये'चा अर्थ येतो ही कल्पना परकी वाटणार नाही, कानाला मात्र ट्रेनिंग द्यावंच लागेल.

याशिवाय सुरांचं प्रकरण आहे. 'झाले' हा शब्द सपाट सुरात म्हटला तर मोठी खोली, हॉल, आणि मध्येच गळा आवळल्यासारखा तोडून म्हटला तर गवत. लिहिताना दोन्ही सारखेच. याची चिंता सुरुवातीला करू नका, संदर्भाने सगळं कळतं. शब्दावरचा जोर मात्र सोपा, जवळजवळ नेहमी पहिल्या अक्षरावर, 'पल्दिएस', 'लबदिएन' असे थोडे अपवाद सोडून. आणि आपली एक जमेची बाजू म्हणजे च आणि ज. चाकातला च आणि चारमधला च वेगळे आहेत हे आपण न शिकता बोलतो, जाडमधला ज आणि जेवणातला ज तसेच. लात्व्हियनमध्ये हे दोन्ही च आणि दोन्ही ज वेगवेगळ्या अक्षरांनी लिहितात. टोपीचा 'त्सेपुरे' चाकातल्या च जवळचा, सापाचा 'चूस्का' चारमधल्या चचा. इतर भारतीय मुलांना इथे त्रास होतो, मराठी मुलांना होत नाही.

आता तागालोग. इथे मी विद्यार्थ्यांना आधीच सांगते, विभक्तीचा तक्ता बाजूला ठेवा. मराठीत क्रियापद शेवटी येतं, तागालोगमध्ये पहिलं. मराठीत प्रत्यय नामाच्या मागे लागतो, तागालोगमध्ये नामाच्या पुढे छोटे शब्द येतात, आंग, नांग आणि सा, आणि माणसाचं नाव असेल तर सी, नी आणि काय. सगळा कारभार या आंगवर चालतो.

'बिली' म्हणजे विकत घेणं. त्याच्या पोटात 'उम' घुसवला की 'बुमिली', 'इन' घुसवला की 'बिनिली'. हे देवनागरीत लिहून बघाच, ब आणि इ यांच्या मधे कसं काहीतरी शिरलंय ते स्पष्ट दिसतं, मराठीत असा मध्यप्रत्यय नाहीच. 'बुमिली आंग लालाकी नांग इस्दा', त्या माणसाने मासे घेतले, इथे आंग माणसाच्या पुढे आहे, बोलणं त्याच्याबद्दल आहे, मासे कुठले ते महत्त्वाचं नाही. 'बिनिली नांग लालाकी आंग इस्दा', माणसाने तो मासा घेतला, आता आंग माशापुढे गेला आणि बोलणं त्या ठराविक माशाबद्दल झालं. 'इबिनिली नांग लालाकी नांग इस्दा आंग बाता', इथे आंग मुलापुढे, म्हणजे ज्याच्यासाठी मासे घेतले तो केंद्रस्थानी. क्रियापदाचं रूप सांगतं की आंगवाला शब्द नक्की कोण आहे, करणारा, वस्तू की ज्याच्यासाठी केलं तो.

मराठी माणसाला यातलं दुसरं वाक्य लवकर पटतं, कारण 'त्याने मासा घेतला, त्याने मासळी घेतली' यात आपल्याकडेही करणारा 'ने' घेऊन मागे सरतो आणि क्रियापद वस्तूकडे बघतं. पण आपल्याकडे हे भूतकाळात आपोआप होतं, निवडायची वेळ येत नाही. तागालोगमध्ये प्रत्येक वाक्यात निवडावं लागतं. नवशिक्यांची सगळ्यात जास्त चूक प्रश्न विचारताना होते: 'काय घेतलं?' विचारायचं असेल तर ज्याबद्दल विचारतोय तोच आंगवाला हवा, म्हणजे 'आनो आंग बिनिली नांग लालाकी', आणि 'कोणी घेतलं?' असेल तर 'सिनो आंग बुमिली नांग इस्दा'. प्रश्न बदलला की क्रियापदही बदललं. लोक बुमिली एकदा शिकतात आणि सगळीकडे तेच ठोकतात, समोरच्याला कळतं पण खटकतं. म्हणून क्रियापद कधीही एकटं पाठ करू नका, जोडीने करा, बुमिली-बिनिली, 'कुमाइन-किनाइन' म्हणजे खाणं, असं.

काळ मात्र सोपे, किंबहुना काळ नाहीतच, काम झालं, चाललंय की व्हायचंय एवढंच. बुमिली झालं, बुमिबिली चाललंय, बिबिली व्हायचंय. पहिलं अक्षर दोनदा म्हणायचं, बस्. मघाशी 'उउलान' मध्ये उ दोनदा आला तो त्याचसाठी. द्विरुक्ती आपल्याला नवी नाही, घरोघरीसाठी 'बाहाय-बाहाय', रोजरोजसाठी 'आराव-आराव', हे ऐकताच कळतं. लिंग तर पूर्ण माफ. तो आणि ती दोन्हीला 'सिया', भाऊ-बहीण दोन्हीला 'कापातिद', नवरा-बायको दोन्हीला 'आसावा'.

आणि इथून पुढे तागालोग घरासारखी वाटायला लागते. 'आपण' आणि 'आम्ही' हा भेद इंग्रजीत नाही, लात्व्हियनमध्येही नाही, तिथे एकच 'मेस'. तागालोगमध्ये आहे: 'तायो' म्हणजे तुझ्यासकट आपण, 'कामि' म्हणजे तुला सोडून आम्ही. मराठी विद्यार्थी यात कधीच चुकत नाहीत, आणि फिलिपिनो लोकांना याचं फार अप्रूप वाटतं, कारण परदेशी माणूस इथे नेहमी गडबड करतो. 'आपण जेवायला जाऊया' च्या जागी 'आम्ही जातो' म्हटलं तर समोरच्याला वाटणारच ना की मला बोलावलंच नाही.

तसंच वयाचं. मोठ्या भावाला 'कुया', मोठ्या बहिणीला 'आते', आणि रस्त्यावरच्या ड्रायव्हरला, दुकानातल्या बाईलाही तेच, जसं आपण दादा, ताई म्हणतो. आदरासाठी वाक्यात 'पो' टाकायचा. 'सालामात' म्हणजे थँक्यू, 'सालामात पो' म्हणजे मोठ्या माणसाला थँक्यू, होकार 'ओओ', आदराने 'ओपो'. 'उउलान दाव पो बुकास', उद्या पाऊस पडणारे म्हणे साहेब. अनोळखी किंवा वयाने मोठ्या माणसाला 'तू'च्या जागी अनेकवचनी 'कायो', आपल्या तुम्हीसारखं. लात्व्हियनमध्ये हे तू आणि 'यूस' एवढ्यावर भागतं, आणि साहेब म्हणायचं तर आडनाव षष्ठीत टाकून पुढे 'कुंग्स', बाईंना 'कुंद्झे'. नात्याचे शब्द अनोळखी माणसावर पसरायची आपली सवय तिथे चालत नाही, ती तागालोगसाठी राखून ठेवा.

तागालोगचा उच्चार एकूण सोपा पण दोन ठिकाणी जपा. एक म्हणजे जोर. 'आसो'त पहिल्या अक्षरावर जोर दिला तर कुत्रा, दुसऱ्यावर दिला तर धूर. 'बाका'त पहिल्यावर दिला तर गाय, दुसऱ्यावर दिला तर 'कदाचित'. लिहिताना जोर दाखवत नाहीत, आणि मराठीत जोराने शब्दाचा अर्थ बदलत नसल्यामुळे आपल्याला तो ऐकूच येत नाही, म्हणून प्रत्येक नवा शब्द कोणाकडून तरी म्हणवून घ्या. दुसरं, शब्दाच्या सुरुवातीला येणारा ङ. आपल्या वर्णमालेत ङ आहे पण त्याने सुरू होणारा शब्द नाही. तागालोगमध्ये 'ङायोन' म्हणजे आत्ता, 'ङिपिन' म्हणजे दात. 'अंग' म्हणा, अ हळूहळू गिळा, जमतं.

बाहेरून आलेल्या शब्दांचं थोडक्यात सांगते. तागालोगवर तीनशे वर्षांपेक्षा जास्त स्पॅनिश राज्य, म्हणून टेबल 'मेसा', चमचा 'कुत्सारा', तीन वाजले 'आलास त्रेस'. लात्व्हियनवर जर्मन जमीनदार आणि पाद्री, आणि शेजारच्या लिव्होनियन भाषेचा ठसा, त्यांचा 'माया' म्हणजे घर हा रोजचा शब्दसुद्धा तिकडूनच आलाय. एक उदाहरण मला फार आवडतं. साबणाला तागालोगमध्ये 'साबोन', लात्व्हियनमध्ये 'झिएपेस'. दिसायला काही साम्य नाही, पण दोन्ही शेवटी एकाच जुन्या जर्मानिक शब्दापाशी जातात, एक लॅटिन आणि स्पॅनिशमार्गे मनिलाला पोचला, दुसरा लो जर्मनमार्गे रीगाला, आणि आपला साबणही त्याच लॅटिन वाटेवरचा. तसंच तागालोगमधलं 'माहाल'. बाजारात 'आंग माहाल' म्हणजे केवढं महाग, आणि 'माहाल किता' म्हणजे माझं तुझ्यावर प्रेम आहे. हा शब्द संस्कृत महार्घवरून, आपला महागही त्याचवरून. लात्व्हियनच्या 'दार्ग्स'लाही हेच दोन अर्थ आहेत, किमती आणि लाडका, तेही संस्कृतशी काही देणंघेणं नसताना.

छापील पुस्तकांचा इतिहासही बघण्यासारखा आहे. लात्व्हियनमधलं आज हातात असलेलं सर्वांत जुनं छापील पुस्तक 1585 चं, कॅथलिक धर्मशिक्षणाचं. तागालोगचं 1593 चं, तेही धर्मशिक्षणाचंच, स्पॅनिश आणि तागालोगमध्ये, आणि त्यात तागालोग बायबायिन लिपीतही छापलीय, जी आपल्या ब्राह्मीच्या वंशातली, अक्षरात अ आपोआप धरणारी. आणि 1616 मध्ये गोव्याला फादर स्टीफन्सचं क्रिस्तपुराण आलं, रोमन लिपीतली मराठी ओवी. जगाच्या तीन टोकांना, तीसेक वर्षांच्या आत, परके पाद्री स्थानिकांची भाषा शिकून ती छापत होते. ओवीवरून आठवलं, लात्व्हियन लोकांची 'दाइना' नावाची चार ओळींची लोकगीतं आहेत, क्रिश्यानिस बारोन्स यांनी ती गोळा केली, 1894 ते 1915 या काळात छापली, दोन लाख सतरा हजारांच्या वर. बरीचशी बायकांची, शेतातली, लग्नातली, आई-लेकीची. जात्यावरच्या ओव्या ऐकत वाढलेल्या कोणालाही ती परकी वाटणार नाहीत. त्या गाण्यांत लाडाची रूपं जागोजागी असतात, सूर्याला 'सउले' न म्हणता 'सउलीते', आईला 'मामिञा', त्यामुळे ती रूपं शिकायला याहून चांगली जागा नाही.

आजच्या भाषेकडे बघायची दोघांची वृत्ती मात्र अगदी वेगळी. मनिलात इंग्रजी शब्द बिनधास्त तागालोगच्या साच्यात घालतात, 'मागदा-ड्राइव्ह' म्हणजे ड्राइव्ह करणार, 'नाग-टेक्स्ट' म्हणजे टेक्स्ट केला, आपल्या मराठीसारखंच. लात्व्हियन लोक यात फार जपून असतात आणि त्याला कारण आहे, 1989 च्या जनगणनेत त्यांच्याच देशात लात्व्हियन वंशाचे लोक जेमतेम 52 टक्के उरले होते. म्हणून कॉम्प्युटरसाठी त्यांनी 'दातोर्स' रुजवला, आणि परक्या नावांनाही ते आपल्या विभक्तीत बसवतात. समजा तुमचं नाव रोहित, तर तिथे तुम्ही 'रोहित्स', रोहितला म्हणायचं तर 'रोहितम', आणि हाक मारताना शेवटचा स गळून परत 'रोहित'. कॅप्टन असं म्हणाला तर नाव बिघडवतोय असं समजू नका, उलट त्याने तुम्हाला भाषेत सामावून घेतलंय. फिलिपिनो मित्र नावाला हातही लावणार नाही, पुढे फक्त 'सी रोहित' नाहीतर 'काय रोहित' म्हणेल, आणि या 'काय'चा अर्थ रोहितला, तो प्रश्न नाहीये.

मग सुरुवात कुठून? तुमच्या जागी असते तर दोन्ही एकत्र सुरू केल्या असत्या, पण वेगळ्या पद्धतीने. तागालोग तोंडाने शिका. पुस्तक उघडायच्या आधी कुया, पो, तायो-कामि, दाव-राव एवढं वापरायला लागा, कारण लोक भरभरून बोलतात आणि चूक झाली तरी आनंदाने दुरुस्त करतात, आणि आंग-नांगचा गुंता पाठांतरापेक्षा कानानेच लवकर सुटतो. रोजच्या कामाची दहा क्रियापदं जोडीने घ्या, खाणं, घेणं, आणणं, धुणं, उघडणं, बंद करणं अशी, इंजिन रूममध्ये तीच लागतात.

लात्व्हियन मात्र वहीत शिका. प्रत्येक नाम लिहिताना प्रथमा आणि षष्ठी दोन्ही रूपं लिहा, त्यावरून पुढची रूपं बरीच ओळखता येतात, अडलं तर तेझाउर्स हा ऑनलाइन शब्दकोश पूर्ण रूपावली देतो. शब्दयोगी शब्द लात्व्हियनमध्ये नामाच्या आधी येतात आणि प्रत्येकाची विभक्ती वेगळी, पण अनेकवचनात जवळपास सगळ्यांनंतर चतुर्थीच येते. 'उझ गल्दा' टेबलावर, 'उझ गल्दिएम' टेबलांवर. हा एक नियम कळला की अर्धं ओझं उतरतं, आणि पुस्तकांत तो बऱ्याचदा पार मागच्या धड्यात दडलेला असतो, म्हणून इथे आधीच सांगून ठेवते. शेवटच्या स्वराची लांबी वहीत वेगळ्या शाईने दाखवा आणि वाक्य मोठ्याने म्हणताना ती मुद्दाम जास्त ताणा, सुरुवातीला थोडं नाटकी वाटलं तरी चालेल, नंतर ते आपोआप जागेवर येतं. आणि चीफशी बोलताना तो स्वतःहून तू म्हणा म्हणेपर्यंत यूसच ठेवा.